अपील हायकोर्टात पडून आहे आणि मूळ दाव्यात ताबा मागायचा राहिला आहे

दादरच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. दादर पश्चिमेला सोसायटीतला एक फ्लॅट त्यांच्या वडिलांच्या नावावर, नोंदणीकृत खरेदीखताने घेतलेला. वडिलांनी चुलतभावाला तिथे राहायला दिलं. वडील गेल्यावर ताईंनी जागा सोडण्याची नोटीस पाठवली. ऑक्टोबर २०१५ मध्ये उत्तर आलं की जागेचे पैसे माझ्या वडिलांनी भरले, मालक मीच. २०१६ साली सिटी सिव्हिल कोर्टात दावा लावला. त्यात मागण्या दोनच होत्या, मालकीची घोषणा आणि फ्लॅट परस्पर विकू नये म्हणून मनाई. ताबा मागितलाच नाही. २०२३ मध्ये निकाल लागला. कोर्टाने मालकी वडिलांची, म्हणजे आता ताईंची, असा स्पष्ट निष्कर्ष दिला आणि तरीही दावा फेटाळला, कारण ताबा प्रतिवादीकडे असताना नुसती घोषणा मागितली होती. हायकोर्टात फर्स्ट अपील दाखल होऊन ॲडमिट झालं आहे, म्हणजे सुनावणीसाठी घेतलं गेलं आहे. ताईंचे वकील म्हणतात, आता दाव्यात ताब्याची मागणी घालून घेऊ. कोर्टातून निवृत्त झालेले शेजारी म्हणतात, २००२ नंतर ते सगळं बंद झालं. खरं कोणाचं?

वकिलांचं. अपिलात वादपत्र, म्हणजे दाव्याचा मूळ अर्ज, दुरुस्त करता येतं. पण तुमच्या प्रकरणात तो अर्ज करणं शहाणपणाचं आहे की नाही, हे तुमच्या मूळ वादपत्रातल्या एका परिच्छेदावर ठरेल. वडिलांनी चुलतभावाला ‘राहायला दिलं’ हे तुम्ही तिथे कोणत्या शब्दांत लिहिलं आहे? मुंबईत या शब्दांवर कोर्ट बदलतं. त्याकडे येतोच, आधी शेजाऱ्यांच्या शंकेचं बघू.

दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ६ रूल १७ म्हणतो की कामकाजाच्या कोणत्याही टप्प्यावर कोर्ट पक्षकाराला आपलं म्हणणं दुरुस्त करू देऊ शकतं. १९९९ च्या दुरुस्ती कायद्याने हा रूलच काढून टाकायचं ठरवलं होतं. देशभरच्या वकिलांनी गदारोळ केला. मग २००२ च्या कायद्याने रूल परत आणला, पण शेपटाला एक परंतुक, म्हणजे अट, जोडलं, आणि १ जुलै २००२ पासून ते लागू झालं. परंतुक असं की खटल्याची सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती मिळणार नाही, मात्र पुरेशी दक्षता घेऊनही हा मुद्दा आधी मांडता आला नसता अशी कोर्टाची खात्री झाली तर मिळेल. तुमच्या शेजाऱ्यांना परंतुकाचा पहिला अर्धा भाग आठवतो, दुसरा नाही. कोर्टाच्या आवारात बरीच वर्षं काढलेल्या अनेकांचं असं होतं.

अपील कोर्टाला हा अधिकार कलम १०७ (२) मधून मिळतो. मूळ दावा चालवणाऱ्या कोर्टाचे अधिकार, जुळतील तितके, अपील कोर्टालाही आहेत. इश्वरदास विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अगदी सरळ सांगितलं की अपिलात नवा मुद्दा घालण्यासाठी दुरुस्ती द्यायला कसलीही आडकाठी नाही. उशीर का झाला आणि खालच्या कोर्टात का मागितली नाही, हे मात्र तपासलं जाईल. त्याच निकालातलं पुढचं वाक्य तुमच्या जास्त कामाचं आहे. नव्या मुद्द्याचा निर्णय करायला लागणारी सामग्री आधीच रेकॉर्डवर असेल, तर दुरुस्ती अधिक सहज मिळते.

या विषयात आपल्या मुंबई हायकोर्टाचा एक निकाल शंभराहून जास्त वर्षं देशभर उद्धृत होतो. किसनदास रूपचंद विरुद्ध राचप्पा विठोबा, १९०९. वादी म्हणाले भागीदारी होती, तिच्यापोटी ४,००१ रुपयांचं कापड दिलं, भागीदारी मोडून हिशेब द्या. खालच्या कोर्टाने ठरवलं की कापड दिलं हे खरं, भागीदारी मात्र नव्हती. अपिलात वाद्यांनी भागीदारीचा हट्ट सोडला आणि कापडाचे पैसे तरी द्या, अशी मागणी दाव्यात घालू द्यायला सांगितलं. तोवर पैशाच्या दाव्याची मुदत उलटली होती. तरी दुरुस्ती टिकली, कारण हकीकत तीच होती, मागणी फक्त वेगळी. न्यायमूर्ती बॅचलर यांनी तेव्हा घालून दिलेल्या दोन कसोट्या आजही अर्जात लिहाव्या लागतात. दुरुस्तीने समोरच्यावर अन्याय होऊ नये, आणि पक्षकारांमधला खरा वाद मिटवायला ती आवश्यक असावी. १९५७ साली पिरगोंडा पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कसोट्या उचलल्या. तिथेही दुरुस्ती हायकोर्टाने अपिलातच दिली होती.

तुमच्या प्रकरणाशी सर्वांत जवळचा निकाल मात्र ए. के. गुप्ता अँड सन्स विरुद्ध दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन. ठेकेदाराने करारातल्या एका कलमाचा अर्थ आपल्या बाजूने आहे, एवढीच घोषणा मागितली होती, पैसे मागितले नव्हते. खालच्या कोर्टात जिंकला. अपिलात हायकोर्टाने म्हटलं की पुढची मागणी नसलेली नुसती घोषणा चालत नाही, आणि पैशाची मागणी घालायलाही नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती घालू दिली. नवी मागणी आधीच सांगितलेल्या हकिकतीतूनच निघत असेल, तर मुदत संपल्याचं कारण आडवं येत नाही, असं त्यांनी धरलं. तुमच्या वकिलांनी बहुधा हाच निकाल डोळ्यांपुढे ठेवला असेल.

फक्त एक भान ठेवा. हे निकाल २००२ च्या आधीचे आहेत आणि तुमचा दावा २०१६ चा. तुम्हाला परंतुकाची दक्षतेची कसोटी लागणार. अपिलाच्या टप्प्यावर खटला नुसता सुरू झालेला नसतो, संपलेला असतो, त्यामुळे हा युक्तिवाद समोरचा वकील पहिल्या मिनिटात करेल.

म्हणून पहिलं काम, चुलतभावाची लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला त्याने दिलेलं उत्तर, काढा आणि त्यात कलम ३४ ची हरकत कुठे आहे ते शोधा. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ३४ चं परंतुक म्हणतं की घोषणेच्या पुढची मागणी करता येत असताना वादीने ती केली नाही, तर कोर्ट घोषणा देणार नाही. ही हरकत कैफियतीत होती, त्यावर कोर्टाने निर्णयासाठी मुद्दाही काढला होता, आणि तरी तुम्ही २०२३ पर्यंत थांबलात, तर दक्षतेच्या कसोटीवर तुमची बाजू खरोखरच लंगडी आहे. हरकत शेवटच्या युक्तिवादात पहिल्यांदा निघाली असेल तर चित्र एकदम पालटतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या एका निकालात म्हटलं आहे की राहिलेली मागणी दुरुस्तीने घालायला मनाई नाही, ती मुदतीत असली पाहिजे, आणि ही हरकत लवकरात लवकर घेणं प्रतिवादीचं कर्तव्य आहे. त्या निकालाने घोषणेचा दावा फेटाळण्याच्या बाजूनेच कौल दिला होता, हेही सांगून टाकतो. समोरची बाजू तोच निकाल दुसऱ्या पानावरून वाचून दाखवेल.

प्रतिज्ञापत्रात उशिराचं कारण लिहिताना ‘अनवधानाने राहिले’ या दोन शब्दांवर भागवू नका. न्यायाधीशांच्या टेबलावर रोज असे अर्ज असतात. दाव्याचा मसुदा करताना काय सल्ला मिळाला, हरकत कधी कळली, कळल्यावर काय केलं, हे तारखांसह लिहा. जुन्या वकिलांवर ढकलायचा मोह होतो. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असं कोर्टं म्हणतात, पण दर वेळी नाही, आणि सगळं प्रतिज्ञापत्र त्याच आधारावर उभं असेल तर ते पोकळ वाटतं.

खरा जोर दुसऱ्या जागी लावा. माझ्या अनुभवात अपिलातला दुरुस्ती अर्ज एका प्रश्नावर तरतो किंवा बुडतो: दुरुस्ती दिली तर पुन्हा साक्षीपुरावा घ्यावा लागेल का? न्यायाधीशांना दहा वर्षं जुना दावा परत खाली पाठवायचा नसतो. तुमच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असं देता येतं. मालकीवर दोन्ही बाजूंचा पुरावा झालेला आहे, उलटतपास झालेला आहे, निष्कर्ष तुमच्या बाजूने आहे. ताबा चुलतभावाकडे आहे हे तो स्वतःच सांगतो. मग उरलं काय? ऑर्डर ४१ रूल २४ प्रमाणे रेकॉर्डवरचा पुरावा पुरेसा असेल तर अपील कोर्ट स्वतःच प्रकरणाचा शेवटचा निर्णय करू शकतं. हे अर्जात नुसतं म्हणू नका, दाखवा. कोणत्या साक्षीदाराने कोणत्या परिच्छेदात काय सांगितलं आणि कोणत्या निशाणीच्या (पुराव्याच्या क्रमांकाच्या) कागदावर काय आहे, ते दुरुस्तीच्या प्रत्येक ओळीसमोर मांडा. हे काम कंटाळवाणं आहे आणि बरेच जण करत नाहीत, म्हणूनच करणाऱ्याचा अर्ज वेगळा उठून दिसतो. जोडीला नवीन कागद दाखल करायचा असेल तर ऑर्डर ४१ रूल २७ चा वेगळा अर्ज लागतो. शक्यतो तो टाळा. नवा कागद आला की उलटतपास आला, आणि ‘काहीही नवीन लागत नाही’ हे तुमचं सर्वांत बळकट वाक्य हातातून जातं.

ताब्याबरोबर वहिवाटीची नुकसानभरपाईही, म्हणजे हक्क नसताना जागा वापरल्याचे पैसे, मागून घ्या. तिची रक्कम ऑर्डर २० रूल १२ खाली नंतरच्या चौकशीत ठरवता येते, त्यामुळे आत्ता पुरावा लागत नाही.

मुदतीचा हिशेब तुमच्या बाजूने आहे, पण घड्याळ चालू आहे. मालकीच्या जोरावर ताबा मागायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६५ प्रमाणे बारा वर्षं मिळतात, समोरच्याचा ताबा तुमच्याविरुद्ध प्रतिकूल झाल्या दिवसापासून, म्हणजे तुमची मालकी नाकारून तो स्वतःच्या हक्काने राहू लागल्यापासून. तुमचा चुलतभाऊ ऑक्टोबर २०१५ च्या उत्तरात पहिल्यांदा ‘मालक मी’ म्हणाला. त्याआधी लेखी किंवा तोंडी असं काही म्हणाल्याचं त्याने सिद्ध केलेलं नसेल, तर बारा वर्षं ऑक्टोबर २०२७ ला भरतात. मंजूर झालेली दुरुस्ती साधारणपणे दावा दाखल झाल्या तारखेपासून होती असं धरतात. पण तो अटळ नियम नाही. कोर्ट असंही म्हणू शकतं की ही मागणी अर्जाच्या तारखेपासूनच धरायची. तशी वेळ आली तरी तुम्ही मुदतीत राहावं, म्हणून अर्ज त्या तारखेच्या बऱ्याच आधी फाइल होऊन नंबर पडलेला हवा. ‘अपिलाच्या अंतिम सुनावणीला बघू’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. हायकोर्टात फर्स्ट अपिलाची अंतिम सुनावणी कधी लागेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

काही जण म्हणतील, कशाला दुरुस्ती, ताब्याचा नवा दावाच लावा. तिथे ऑर्डर २ रूल २ आडवा येतो. एकाच दाव्याच्या कारणातून निघणारी मागणी पहिल्या दाव्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडली, तर तिच्यासाठी दुसरा दावा लावता येत नाही. दुरुस्तीला मात्र ही आडकाठी नाही. आयुर्विमा महामंडळ विरुद्ध संजीव बिल्डर्स या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टच सांगितलं. तो दावा आपल्याच हायकोर्टाच्या मूळ शाखेतला, १९८६ चा. नुकसानभरपाईची मागणी सुमारे १ कोटीवरून ४०० कोटींवर नेण्याची दुरुस्ती तीन दशकांनंतर मागितली आणि ती मिळाली. अर्थात तिथे खटला अपिलात गेलेला नव्हता. एवढी उदारता अपिलात मिळेलच असं समजू नका. ऑर्डर २३ खाली दावा मागे घेऊन नवा लावायची परवानगी मागणं हा तिसरा रस्ता. त्यात मालकीचा तुमच्या बाजूचा निष्कर्ष तुम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकता, म्हणून मला तो आवडत नाही.

आता तो परिच्छेद. बृहन्मुंबईत परवाना (जागा वापरायची नुसती परवानगी) देणारा आणि परवानाधारक यांच्यातला जागेच्या ताब्याचा दावा, जागेची किंमत काहीही असो, फक्त लघुवाद न्यायालयात चालतो. प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्ट्स ॲक्ट, १८८२ च्या कलम ४१ ने तसं ठरवलं आहे. पूर्वी वाद होता की भाडं किंवा मोबदला न घेता, नात्यापोटी राहायला दिलेला माणूस या कलमात ‘परवानाधारक’ ठरतो का. मुंबईच्याच एका कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली उत्तर दिलं की ठरतो, फुकट राहणाराही. तुमच्या प्रश्नात तुम्ही स्वतः लिहिलं आहे, ‘वडिलांनी राहायला दिलं’. वादपत्रातही असंच असेल, शिवाय ‘परवानगी काढून घेतली’ असंही असेल, तर ताब्याची मागणी घातल्या क्षणी तो दावा धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयाचा होतो, फोर्टच्या सिटी सिव्हिल कोर्टाचा राहत नाही. जिंकलेला मालकीचा निष्कर्ष अधिकार नसलेल्या कोर्टाचा, असा नवा वाद तुम्ही आपणहून समोरच्याच्या हातात द्याल. कोर्टाचा अधिकार वादपत्रातल्या कथनांवरून ठरतो, प्रतिवादी काय म्हणतो यावरून नाही, म्हणून चुलतभाऊ स्वतःला मालक म्हणतो एवढ्याने तुमची सुटका होत नाही.

मग ‘राहायला दिलं’ हे काढून ‘घुसखोर’ लिहू का? हा प्रश्न पक्षकार हमखास विचारतात. नका लिहू. दाव्यात आणि सरतपासणीच्या प्रतिज्ञापत्रात शपथेवर सांगितलेली हकीकत अपिलात उलटी फिरवणं म्हणजे कबुली मागे घेणं. अशी दुरुस्ती कोर्ट देत नाही, आणि नुसता अर्ज केल्यानेही तुमच्या सगळ्या साक्षीवरचा विश्वास हलतो.

उलट वादपत्रात एवढंच असेल की वडील मालक आहेत, प्रतिवादी तिथे राहतो, २०१५ पासून त्याने मालकी सांगायला सुरुवात केली आहे आणि त्याला तिथे राहायचा कसलाही हक्क नाही, तर मालकीच्या जोरावर ताब्याची मागणी सिटी सिव्हिल कोर्टाच्या दाव्यात बसू शकते आणि दुरुस्तीचा रस्ता मोकळा आहे. कागद समोर ठेवून हे तपासायचं काम एका संध्याकाळचं आहे. ते झाल्याशिवाय अर्जाचा मसुदा सुरू करू नका.

परवान्याचीच भाषा निघाली, तर मी दुरुस्तीच्या मागे न लागता अपिलाच्या मूळ मुद्द्यावर लढेन. कलम ३४ चं परंतुक ‘पुढची मागणी करता येत असताना’ अशा वादीला लागतं. ताबा देण्याचा अधिकार ज्या कोर्टाला मुळातच नाही, तिथे ताबा ‘मागता येत होता’ असं कसं म्हणायचं? हा युक्तिवाद नीट मांडला तर खालच्या निकालाचा पायाच हलवता येतो. घोषणा अपिलात मिळवायची आणि ताब्यासाठी लघुवाद न्यायालयात जायचं. तिथल्या मुदतीचा हिशेब वेगळा आहे आणि तो आजच करून ठेवा. पहिल्या दाव्यात ताबा मागितलेलाच नसल्यामुळे त्यात गेलेला काळ मुदतीतून वगळून मिळेल, असं गृहीत धरू नका. अपील संपेपर्यंत थांबणं त्यामुळे धोक्याचं आहे, लघुवाद न्यायालयातला दावा अपील चालू असतानाच लावावा लागेल.

किमतीचा मुद्दा लहान आहे, पण नडतो. घोषणेच्या दाव्यात कोर्ट फी कमी बसते. ताबा आला की जागेच्या बाजारभावावर बसते. महाराष्ट्रात कमाल कोर्ट फी २०१८ पासून १० लाख रुपये आहे. २०१६ साली सिटी सिव्हिल कोर्टाची मर्यादा १ कोटी होती, ती १० कोटींवर गेली जानेवारी २०२४ मध्ये. दादरच्या फ्लॅटची दावा लावतानाची किंमत १ कोटीच्या वर जात असेल, तर हा दावा सिटी सिव्हिल कोर्टात बसतच नव्हता, ही हरकत येणार. तेव्हाचा रेडी रेकनर (जागांच्या किमतीचं सरकारी दरपत्रक) आणि फ्लॅटचं क्षेत्रफळ घेऊन हिशेब करून ठेवा. फरकाची फी भरण्याची तयारी अर्जातच लिहा. पैसे हातात ठेवल्याशिवाय मागणी घालायला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

अर्ज कसा करायचा? हायकोर्टाच्या अपील शाखेत आता त्याला इंटरिम ॲप्लिकेशन म्हणतात. जुन्या वकिलांच्या तोंडी अजून सिव्हिल ॲप्लिकेशन किंवा चेंबर समन्स येईल, गोंधळू नका. अर्जासोबत दुरुस्तीचं शेड्यूल जोडा. त्यात कोणत्या परिच्छेदानंतर नेमके कोणते शब्द घालायचे आणि प्रार्थनेत कोणतं कलम वाढवायचं ते जसंच्या तसं असावं. ‘वादपत्र योग्य प्रकारे दुरुस्त करण्याची परवानगी द्यावी’ असली मोघम मागणी करणाऱ्यांना कोर्टात दोन शब्द ऐकावे लागतात. अर्ज बोर्डावर आला की बहुतेक वेळा ‘अपिलासोबतच ऐकू’ असं ऐकायला मिळतं. त्याला आधीच उत्तर तयार ठेवा. मुदतीची तारीख दाखवा, आणि समोरच्याला जादा कैफियत द्यायला वेळ मिळावा म्हणून अर्ज आधी ऐकणं त्याच्याही सोयीचं आहे, हे सांगा.

अर्ज मंजूर झाला की खरी घाई सुरू होते. आदेशात मुदत दिली नसेल तर ऑर्डर ६ रूल १८ प्रमाणे चौदा दिवसांत दुरुस्ती प्रत्यक्ष वादपत्रात उतरवावी लागते. नाही उतरवली तर मुदतवाढीचा आणखी एक अर्ज. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड वर मागवलेलं असेल तर मूळ वादपत्र कुठल्या विभागात आहे, हे आदेशाची वाट न पाहता आधीच शोधून ठेवा. दुरुस्त वादपत्रावर नव्याने सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याची तुमची सही, लागतं. तुम्ही परगावी असाल तर त्या आठवड्यात मुंबईत या. कोर्ट बहुधा खर्चही लावेल. तो लगेच भरा आणि पावती वकिलांकडे द्या.

एक गोष्ट पक्षकारांच्या लक्षात येत नाही. दावा फेटाळला गेल्यामुळे हुकूमनामा (निकालाचा अंतिम आदेश) चुलतभावाच्या बाजूचा आहे. मालकीचा निष्कर्ष त्याच्या विरुद्ध गेला तरी ऑर्डर ४१ रूल २२ प्रमाणे वेगळं अपील न करताही तो अपिलात म्हणू शकतो की तो निष्कर्ष चुकीचा आहे. तेव्हा मालकीचा मुद्दा संपला, आता फक्त ताबाच राहिला, अशा भ्रमात राहू नका. ‘पैसे माझ्या वडिलांनी भरले’ या त्याच्या बचावाला बेनामी व्यवहार कायद्याच्या कलम ४ चा अडसर आहे (दुसऱ्याच्या नावावरच्या जागेचा खरा मालक मीच, असा बचाव ते घेऊ देत नाही), तो युक्तिवादात तयार असू द्या.

याच विषयावर नेहमी येणारे आणखी दोन प्रश्न इथेच संपवतो. दावा अजून खालच्या कोर्टात चालू आहे, मनाई अर्ज नामंजूर झाला म्हणून फक्त त्या हुकमावर अपील वर आहे, तर दुरुस्ती कुठे मागायची? खालीच. दावा तिथे जिवंत आहे आणि नुसतं अपील दाखल झाल्याने खालचं कामकाज थांबत नाही. त्यासाठी वरच्या कोर्टाचा स्थगिती आदेश लागतो. दुरुस्ती मिळाल्यावर मात्र वरच्या कोर्टाला लगेच सांगा, कारण ते जुन्या वादपत्रावरच्या हुकमाची तपासणी करत बसलेलं असतं. पुष्कळदा अपील मागे घेऊन दुरुस्त दाव्यावर नवा मनाई अर्ज करणं जास्त सरळ पडतं. दुसरा प्रश्न, ऑर्डर ७ रूल ११ खाली वादपत्रच नाकारलं गेलं असेल तर? मग खाली दुरुस्त करायला काही शिल्लकच नसतं. दावा कायद्याने बाद आहे या कारणावर वादपत्र नाकारताना वादीला दुरुस्तीची सवलत देता येत नाही, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलं. नाकारण्याच्या हुकमावर अपील करा, किंवा मुदत शिल्लक असेल तर रूल १३ प्रमाणे नवं वादपत्र दाखल करा.

ताई, शेवटी एक काम अर्जाचीही वाट न पाहता करून घ्या. दाव्यात अंतरिम मनाई मिळाली असली तरी ती आता अस्तित्वात नाही, दावा फेटाळला गेला तेव्हाच ती गेली. उद्या चुलतभावाने फ्लॅट विकला तर? इतर बहुतेक राज्यांत दावा चालू असताना झालेली विक्री आपोआप निकालाच्या अधीन राहते. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला १९३९ साली झालेल्या मुंबई दुरुस्तीमुळे त्यासाठी प्रलंबित दाव्याची नोटीस उपनिबंधक कार्यालयात नोंदवावी लागते, आणि संरक्षण नोंदणीच्या दिवसापासून मिळतं. २०१६ मध्ये ती नोंदवली होती का ते फाइलमध्ये बघा. नसेल तर याच आठवड्यात नोंदवा, तीत अपिलाचा नंबर घाला, आणि एक प्रत सोसायटीच्या सेक्रेटरींना पोच घेऊन द्या. सोबत अपिलात अंतरिम मनाई आणि जैसे थे आदेशासाठी वेगळा अर्ज करायला वकिलांना सांगा. दुरुस्तीच्या अर्जाला वेळ लागेल, जागा विकायला लागत नाही.